चेहऱ्याची रोजकीर्द

आज जरा हिशेबाच्या वह्यांपासून सुरुवात करू. जुन्या दुकानात मालकाच्या गादीशेजारी दोन वह्या हमखास असायच्या. एक रोजकीर्द, दुसरी खतावणी. दिवसभरात जे काही आलं-गेलं ते तारीख घालून, घडेल त्याच क्रमाने रोजकीर्दीत उतरवायचं. तिथे अक्कल चालवायची नाही. मग सवडीने त्याच नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यावर खतवायच्या, की कळतं कोणाकडे किती थकलंय आणि धंदा वर चाललाय की खाली. नुसती रोजकीर्द वाचून कोणाला काही बोध होत नाही. पण ती नसेल तर खतावणी लिहिणार कशातून?

आमच्या भाषेत रोजकीर्द म्हणजे लॉग फाइल. आणि आज ज्यावर लिहायचंय ती चाल, म्हणजे रोज स्वतःचा एक फोटो काढून ठेवण्याची, मला डायरीपेक्षा रोजकीर्दीच्या जवळची वाटते. डायरीत माणूस सांगतो, आणि सांगताना थोडं सजवतो, थोडं लपवतो. रोजच्या फोटोत सांगायला जागाच नाही. तारीख आणि तोंड, बस्स.

मी स्वतः हा उद्योग गेली पावणेतीन वर्षं करतोय. पुढच्या महिन्यात फोटोंचा आकडा हजारावर जाईल. हजारानंतर थांबावं की चालू ठेवावं हे काही ठरत नव्हतं. म्हणून गेले तीन-चार वीकेंड, आपल्याआधी हे कोणी केलं, कसं केलं आणि मुख्य म्हणजे कुठे थांबवलं, हे वाचत बसलो होतो. त्याचाच हा वृत्तांत.

बहुतेकांना हा प्रकार ठाऊक झाला तो ऑगस्ट २००६ मध्ये. यूट्यूब तेव्हा जेमतेम दीड वर्षाचं होतं. त्या महिन्यात आरी ली नावाच्या अमेरिकन डिझायनरचा एक व्हिडिओ तिथे आला. २००१ च्या नोव्हेंबरपासून तीन वर्षं तिने रोज स्वतःचा फोटो काढला होता आणि ते सगळे एकामागोमाग लावले होते. तो पाहून न्यूयॉर्कच्या नोआ कलिनाला आपल्या साठ्याची आठवण झाली. हा पठ्ठ्या ११ जानेवारी २००० पासून, वयाच्या १९ व्या वर्षापासून, रोज स्वतःचा फोटो काढत होता. २७ ऑगस्ट २००६ ला त्याने आपला व्हिडिओ चढवला. २,३५६ फोटो, पावणेसहा मिनिटांच्या आसपास, मागे कार्ली कोमांडोचा पियानो. बघता बघता लाखो लोकांनी तो पाहिला. २००७ च्या डिसेंबरमध्ये 'सिम्पसन्स' या कार्टून मालिकेने होमर सिम्पसनच्या ३९ वर्षांच्या रोजच्या फोटोंचं विडंबन केलं, तेव्हा हे प्रकरण घरोघरी पोचलं असं म्हणायला हरकत नाही.

त्या व्हिडिओत घडत काहीच नाही. कलिना हसत नाही, रडत नाही. एकच निर्विकार तोंड. मागच्या खोल्या बदलतात, केस वाढतात, कापले जातात, पुन्हा वाढतात. मी भागाकार करून पाहिला. सेकंदाला साधारण सात फोटो पडतात, म्हणजे एक आठवडा एका सेकंदात. आपण ज्या आठवड्याला 'काय भयंकर वीक होता यार' म्हणतो, तो या हिशेबात डोळ्याची दोन-तीनदा उघडझाप.

आता गंमत अशी की कलिना आणि ली यांनी हे शोधून काढलं असं आपल्याला वाटतं, पण ते या वाटेवरचे फार उशिराचे प्रवासी आहेत. स्वतःचा फोटो काढणं तर फोटोग्राफीइतकंच जुनं. १८३९ मध्ये फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट कॉर्नेलियसने दुकानाच्या मागच्या अंगणात कॅमेरा लावून स्वतःची छबी घेतली. केस विस्कटलेले, नजर जराशी तिरकी. जगातल्या सर्वांत जुन्या उपलब्ध व्यक्तिचित्रांत तिची गणना होते. पण त्या काळी एका चित्रासाठी चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा, आयोडीन, पारा, आणि बराच वेळ पुतळ्यासारखं बसणं, एवढं सगळं लागायचं. ते रोज कोण करणार?

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. चित्रकार अमृता शेरगिलचे वडील उमरावसिंग शेरगिल. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९४० च्या दशकापर्यंत स्वतःचे फोटो काढले. लाहोर, बुडापेस्ट, पॅरिस, सिमला, कुठे ना कुठे. कधी सुटाबुटात, कधी लंगोटावर योगासन करताना. तरुणपणापासून म्हातारपणापर्यंतचा एकाच माणसाचा देह त्यात दिसतो. पुढे त्यांचे नातू विवान सुंदरम यांनी २००१-०२ च्या सुमारास हेच फोटो घेऊन नवी चित्रमालिका केली. पण उमरावसिंगांना वाटेल तेव्हा ते फोटो काढत. त्यात हौस होती, नाट्य होतं, विचारही होता. नियम मात्र नव्हता. आणि या विषयाचा सगळा जीव त्या नियमात आहे.

नियम आला तो १९६० च्या दशकात, आणि तोही फोटोवाल्यांकडून आला नाही, चित्रकारांकडून आला. त्या सुमारास काही कलावंतांच्या डोक्यात असं आलं की आधी एक नियम ठरवायचा आणि मग आयुष्यभर तो निमूटपणे पाळायचा, हीच कला. जपानी चित्रकार ऑन कावारा याने ४ जानेवारी १९६६ पासून कॅनव्हासवर त्या दिवसाची तारीख रंगवायला सुरुवात केली. बाकी काही नाही, फक्त तारीख. रात्री बारापर्यंत चित्र पुरं झालं नाही तर ते नष्ट करायचं. आमच्याकडे बिल्ड फेल झालं की कोड परत मागे घेतात, त्यातलाच प्रकार.

पण यातला भीष्माचार्य म्हणजे रोमान ओपाउका. हा पोलिश चित्रकार. १९६५ मध्ये वॉर्सात त्याने एका गडद कॅनव्हासच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात बारीक ब्रशने पांढऱ्या रंगात १ हा आकडा काढला. मग २, मग ३. कॅनव्हास भरला की त्याच मापाचा दुसरा घ्यायचा आणि पुढचा आकडा. किती दिवस? मरेपर्यंत. १९६८ पासून त्यात दोन गोष्टींची भर पडली. आकडा रंगवताना तो पोलिश भाषेत मोठ्याने म्हणायचा आणि टेपवर नोंदवायचा. आणि दिवसाचं काम संपलं की कॅनव्हाससमोर उभं राहून स्वतःचा एक फोटो काढायचा. पांढरा शर्ट, तोच प्रकाश, तोच कोरा चेहरा. पासपोर्टचा फोटो असतो ना, अगदी तसा.

१९७२ मध्ये त्याचे दहा लाख झाले. तेव्हापासून दर नव्या कॅनव्हासच्या पार्श्वभूमीत तो एक टक्का पांढरा जास्त मिसळू लागला. म्हणजे पुढे कधीतरी पांढऱ्यावर पांढरे आकडे रंगवायची वेळ येणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ती आलीही. तोवर फोटोतले केसही पांढरे झाले होते. ७७७७७७७ पर्यंत, म्हणजे सात वेळा सातपर्यंत, पोचायची त्याची इच्छा होती. ६ ऑगस्ट २०११ ला, ऐंशीव्या वाढदिवसाला तीन आठवडे उरलेले असताना, तो वारला. शेवटचा आकडा ५६०७२४९.

मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. ४६ वर्षं, म्हणजे सुमारे १६,८०० दिवस. दिवसाला सरासरी ३३४ आकडे पडतात. यातलं मला भिडलं ते हे, की ओपाउकाचा रोजचा फोटो ही मुख्य गोष्ट नव्हतीच. ती कामाखालची सही होती. आज इतकं झालं, आणि ते करणारा माणूस आज असा दिसत होता.

ओपाउका आकडे मोजत होता त्याच काळात व्हिएन्नात फ्रीडल कुबेल्काने वेगळीच युक्ती काढली. १९७२ मध्ये तिने एक वर्ष रोज स्वतःचा फोटो काढला. वर्ष संपलं, थांबली. पाच वर्षांनी पुन्हा एक वर्ष. मग पुन्हा पाच वर्षांनी. तिने याला 'वर्षचित्रं' असं साधं नाव दिलं. सगळे फोटो महिनेवार ओळींत मांडलेले, कॅलेंडरसारखे. ओपाउकाने आयुष्य सलग मोजायचं ठरवलं, कुबेल्काने नमुने घ्यायचे ठरवले. इंजिनिअरिंगला सिग्नल्सचा पेपर ज्यांनी दिलाय त्यांना हे लगेच कळेल. हळू बदलणाऱ्या गोष्टीचं क्षणाक्षणाचं मोजमाप घ्यावंच लागतं असं नाही. योग्य अंतराने घेतलेले नमुनेही पुरतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता आमच्या जमातीच्या अगदी जिव्हाळ्याचा माणूस. तेहचिंग श्ये. मूळचा तैवानचा. १९७४ मध्ये जहाजावर खलाशी म्हणून अमेरिकेला पोचला, तिथे जहाज सोडलं आणि पुढची चौदा वर्षं कागदपत्रांशिवाय राहिला. न्यूयॉर्कमध्ये हॉटेलात भांडी घासणं, फरशी पुसणं असली कामं केली. ११ एप्रिल १९८० ला त्याने आपल्या स्टुडिओत कारखान्यात असतं तसं हजेरीचं घड्याळ बसवलं आणि जाहीर केलं, की वर्षभर दर तासाला, दिवसा आणि रात्री, मी कार्ड पंच करणार. प्रत्येक पंचला सिनेमाच्या कॅमेऱ्याने घड्याळाशेजारी उभं राहून स्वतःची एक फ्रेम घ्यायची. अंगात कामगाराचा गणवेश. आणि पहिल्या दिवशी डोक्याचा गोटा. म्हणजे वाढणारे केस हेच कॅलेंडर.

तासाला एक फ्रेम, म्हणून दिवसाच्या २४ फ्रेम. सिनेमा चालतो सेकंदाला २४ फ्रेमने. म्हणजे त्याच्या फिल्मचा एक सेकंद बरोबर एक दिवस! वर्षभराची फिल्म सहा मिनिटांत संपते. केस भराभर खांद्यावर येतात, शेजारच्या घड्याळाचे काटे गरगर फिरतात, आणि मधे उभा माणूस थरथरल्यासारखा दिसतो. वर्षभर सलग तासभरापेक्षा जास्त झोप नाही, तासाभराच्या अंतरापलीकडे कुठे जाणं नाही. ऑन-कॉल ड्यूटीचा आठवडा केल्यावर आम्ही दोन दिवस कुरकुरत असतो...

पण श्येच्या वहीत मला सर्वांत आवडली ती चुकलेल्या पंचांची यादी. एकूण तास ८,७६०. त्यातले १३३ चुकले. ९४ झोपेमुळे, २९ उशिरा, १० वेळेआधी. ही यादी त्याने लपवली तर नाहीच, कामाचा भाग म्हणून मांडली. २०१७ च्या व्हेनिस बिएनालेत हे काम तैवानच्या दालनात लावलं होतं. तिथे कार्डं होती, फोटो होते, घड्याळ होतं, गणवेश होता. या सगळ्यात मला तरी ते १३३ सर्वांत जास्त माणसाचे वाटतात. बाकीचे ८,६२७ एखाद्या यंत्रालाही जमले असते.

हाच धागा कार्ल बेडनकडे सापडतो. हा बोस्टनचा फोटोग्राफर आणि शिक्षक. २३ फेब्रुवारी १९८७ ला त्याने सुरुवात केली. अँडी वॉरहॉल आदल्याच दिवशी वारला होता. बेडनचा नियम कडक. तोच कॅमेरा, तीच फिल्म, तसाच प्रकाश, तेच अंतर. दाढी राखायची नाही. चेहऱ्यावर भाव आणायचा नाही. म्हणजे जो काही बदल दिसेल तो काळाने केलेला असला पाहिजे, आपण केलेला नव्हे. प्रयोगशाळेत एक घटक मोकळा सोडून बाकी सगळे बांधून ठेवतात, तसं. २०१७ मध्ये त्याला तीस वर्षं झाली, आणि या तीस वर्षांत तो एकच दिवस चुकला. १५ ऑक्टोबर १९९१. कामाच्या गडबडीत राहून गेलं, एवढंच. परिपूर्ण व्हायची धडपड आणि माणूस असणं यांच्यातलं अंतर हाही आपल्या कामाचा एक विषय आहे, असं त्याने म्हटलंय. त्या एका तारखेमुळे ते खरंही वाटतं.

२००१ मध्ये बेडनला प्रोस्टेट कॅन्सरसाठी केमोथेरपी घ्यावी लागली. फोटो चालूच होते. वर्षानुवर्षं जवळजवळ सारखाच दिसणारा चेहरा त्या काळात उतरतो, गाल आत जातात आणि मग हळूहळू भरून येतात. खाली काही लिहिलेलं नाही. पण आधीची चौदा वर्षं इतक्या काटेकोरपणे सारखी ठेवलेली असल्यामुळे हा बदल डोळ्यांत खुपतो. नियम कशासाठी असतो ते मला इथे समजलं. एरवी कंटाळवाणा वाटणारा तो सारखेपणा म्हणजे मोजपट्टी असते. ती आधीपासून धरून ठेवलेली असेल तरच वेळ आल्यावर काहीतरी मोजता येतं.

आता जेमी लिव्हिंगस्टन. हे सगळे फोटो त्याचे स्वतःचे नाहीत, त्यामुळे काटेकोर बोलायचं तर तो या यादीत बसत नाही. पण त्याला गाळून हा इतिहास पुरा होणार नाही. ३१ मार्च १९७९ ला, न्यूयॉर्क राज्यातल्या बार्ड कॉलेजात असताना, त्याने पोलरॉइडवर रोज एक फोटो काढायला सुरुवात केली. पोलरॉइडला निगेटिव्ह नसते, जी प्रत हातात येते तीच पहिली आणि तीच शेवटची. त्याचा नियम साधा होता. दिवसाला एकच फोटो. नंतर त्याहून झकास काही समोर आलं तरी दुसरा काढायचा नाही. मित्र, जेवणाची ताटं, रस्ते, मैफिली, आणि मधून मधून तो स्वतः. अठरा वर्षं हे चाललं.

शेवटच्या काही महिन्यांत फोटोत हॉस्पिटल दिसायला लागतं. मेंदूत गाठ होती. डोक्यावर टाके, गेलेले केस, खाट. मग मधेच एक अंगठी, आणि लग्न. त्यानंतर काहीच दिवसांनी, २५ ऑक्टोबर १९९७ ला, आपल्या ४१ व्या वाढदिवशी, तो गेला. त्या दिवशीचाही फोटो आहे.

२००७ मध्ये ह्यू क्रॉफर्ड आणि बेट्सी रीड या त्याच्या मित्रांनी सगळे पोलरॉइड स्कॅन करून बार्डमध्ये भलंमोठं प्रदर्शन लावलं. ६,६९७ चित्रं, तारखेच्या क्रमाने. म्हणजे रोजकीर्द लिहिली एकाने, आणि खतावणी मांडली दुसऱ्यांनी, दहा वर्षांनंतर. पुढच्या वर्षी 'मेंटल फ्लॉस' या अमेरिकन मासिकाच्या क्रिस हिगिन्सला हे फोटो इंटरनेटवर सापडले. हे कोणाचे, का काढलेले, काहीच लिहिलेलं नव्हतं. तो एकेक वर्ष उघडत गेला. हा कोण माणूस, हे त्याचे मित्र, हा आजारी दिसतोय, हे लग्न झालं, आणि इथे मालिका संपते. एका अनोळखी माणसाने एकही ओळ न वाचता दुसऱ्याचं अख्खं आयुष्य तारखांच्या क्रमावरून वाचलं. मला नाही वाटत लिहिलेली डायरी कोणी इतकी सलग वाचली असती.

सवयीने इथेही हिशेब केला. ३१ मार्च १९७९ ते २५ ऑक्टोबर १९९७, दोन्ही टोकं धरून ६,७८४ दिवस होतात. फोटो ६,६९७. म्हणजे ८७ दिवस मालिकेत नाहीत. आता १, ८७, १३३ हे आकडे शेजारी ठेवले की या लोकांबद्दलचं माझं मत अजूनच चांगलं होतं.

मधल्या काळात यंत्रं बदलली. जोनाथन केलर नावाच्या अमेरिकन कलावंताने १ ऑक्टोबर १९९८ ला सुरुवात केली ती डिजिटल काळाच्या उंबरठ्यावर. ली आणि कलिना त्याच्या मागोमाग. फिल्मचा खर्च गेला आणि आणखी एक अडचणही सुटत गेली. ती म्हणजे चेहरे एकावर एक बसवण्याची. तांत्रिक भाग आवडणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मोठ्या माणसाच्या दोन डोळ्यांतलं अंतर जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे प्रत्येक फोटोत दोन बाहुल्यांचे बिंदू मिळाले की तो फोटो किती फिरवायचा, किती लहान-मोठा करायचा आणि किती सरकवायचा, तिन्ही गोष्टी निघतात. पूर्वी हे बिंदू हाताने टिपावे लागत. २००१ मध्ये व्हायोला आणि जोन्स यांनी चेहरा झटपट ओळखण्याची पद्धत मांडली आणि ते काम यंत्राच्या आवाक्यात आलं. २०१० मध्ये आयफोनला पुढचा कॅमेरा मिळाला. २०११ मध्ये कलिनानेच दोन साथीदारांबरोबर याच कामासाठी एक ॲप काढलं. त्यात डोळे आणि तोंड कुठे हवं त्याच्या रेषा पडद्यावर दिसायच्या, म्हणजे रोज चेहरा त्याच चौकटीत. जे बेडनने तिवईवर वर्षानुवर्षं सांभाळलं ते खिशात आलं.

आणि मग अर्थातच सेल्फी आली. २०१३ मध्ये ऑक्सफर्डने तिला वर्षाचा शब्द ठरवलं. तेव्हापासून स्वतःचा फोटो काढतो म्हटलं की लोक गालात हसतात. मलाही मित्रांनी 'स्वतःवर फार प्रेम आहे का रे?' असं विचारून झालंय. पण या दोन गोष्टींत नियमाचा फरक आहे. सेल्फीत तीस काढून एक ठेवतात. इथे एक काढून तोच ठेवायचा, मग डोळे सुजलेले असोत की नाकाला सर्दीने रंग चढलेला असो. निवडण्याचा अधिकार गेला की मिरवणंही संपतं. स्वतःवर प्रेम करायचं असेल तर यापेक्षा वाईट साधन शोधून सापडणार नाही!

माझ्या फोल्डरबद्दल आता दोन शब्द. फाइलचं नाव म्हणजे तारीख. सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी खिडकीकडे तोंड करून एक फोटो. दोन भाड्याचे फ्लॅट, एक बदललेली नोकरी, चष्म्याच्या दोन फ्रेमी. मध्यंतरी मी आजी गेली ती तारीख उघडून पाहिली. फोटो सकाळी सव्वाआठचा होता आणि गावाहून फोन आला दुपारी. त्यामुळे फोटोतल्या माणसाला काहीच माहीत नाही. त्यापुढच्या तेरा दिवसांच्या फाइलीच नाहीत, कारण मी गावी होतो आणि त्या घरात हे करावंसं वाटलं नाही. चौदाव्या दिवसाचा फोटो पुन्हा खिडकीसमोरचा. मी दोन्ही फोटो शेजारी लावून खूप वेळ पाहिले. खरं सांगायचं तर काही फरक दिसत नाही. तोच चष्मा, तोच भांग.

आधी वाईट वाटलं, की एवढी मोठी गोष्ट झाली आणि तोंडावर ओरखडासुद्धा नाही? मग श्येचे १३३ वाचले, लिव्हिंगस्टनचे ८७ मोजले, आणि ते तेरा रिकामे दिवस वेगळे दिसायला लागले. फोल्डर उलगडत खाली आलं की तिथे तारखा उडी मारतात. हजार फाइलींत एवढी मोठी उडी दुसरी नाही. आजी गेल्याची नोंद चेहऱ्यावर नाही, ती त्या उडीत आहे. दुकान बंद असल्याचं रोजकीर्दीला सांगावं लागत नाही, तारखाच सांगतात. आणि ती उडी दिसते कारण बाकीचे दिवस भरलेले आहेत.

तर मूळ प्रश्न, थांबावं की नाही? आत्तापर्यंतच्या हिशेबात तीन प्रकारचे शेवट दिसतात. ओपाउका आणि लिव्हिंगस्टन यांचा शेवट मृत्यूने केला. श्येने आधीच एक वर्ष ठरवलं होतं, ११ एप्रिल १९८१ ला तो थांबला. कुबेल्काने थांबणं हे नियमातच घातलं. चौथा प्रकारही आहे, कंटाळा येऊन आपोआप बंद पडण्याचा. बहुतेकांचं तेच होत असणार, पण त्यांचा इतिहास कोणी लिहीत नाही. कलिनाने मात्र जानेवारी २०२० मध्ये वीस वर्षांचा व्हिडिओ आणला. १९ वर्षांचा पोरगा बघता बघता चाळिशीला टेकलेला पाहिला आणि पहिल्या व्हिडिओला जे जाणवलं नव्हतं ते जाणवलं. पहिल्या सहा वर्षांत तो वाढत होता. पुढच्या चौदात तो म्हातारा व्हायला लागलाय. रोजच्या कोणत्याही दोन फोटोंत ती रेघ सापडणार नाही.

मला ओपाउका व्हायचं नाही, तेवढी छाती नाही आणि तेवढं काही मोजायचंही नाही. पण चौथ्या प्रकाराने विझूनही जायचं नाही. म्हणून कुबेल्काबाईंचा मार्ग पत्करायचं ठरवलंय. हजार पूर्ण झाले की थांबायचं, आणि पाच वर्षांनी पुन्हा एक वर्ष. तेव्हाची नोकरी, तेव्हाचं घर, कदाचित तेव्हाचं टक्कल, काय असेल ते असो. खिडकी मात्र पूर्वेची हवी. तारीख लिहून ठेवली आहे, आणि फोल्डर कुठे आहे ते धाकट्या बहिणीला सांगून ठेवलंय. ती म्हणाली, "दादा, हजार वेळा तुझं तोंड कोण बघणार?" बरोबर आहे तिचं. आज कोणीच नाही. लिव्हिंगस्टनचे पोलरॉइडही लोकांसमोर यायला दहा वर्षं गेली.

तुमच्यापैकी कोणाला सुरू करायचं असेल तर फार तयारी लागत नाही. एक जागा, एक वेळ, एक फोटो. हसायचं नाही, निवडायचं नाही, चुकलेला दिवस मागाहून भरायचा नाही. खतावणीचं नंतर बघता येईल, तुम्ही किंवा दुसरं कोणीतरी.

असो. उद्या सोमवार. ९७२ वा.